बुधवारची सुट्टी नि गणपती धरून कामाचे दिवस कसे मोजायचे? एक्सेलमध्ये १७ येतायत, वहीत २१, बायका म्हणतात २२

काजूगर_कुडाळ

नमस्कार मंडळी. कुडाळजवळच्या एका छोट्या काजू युनिटचा हिशोब मी बघते. सोलणीच्या बायकांचं किलोवर असतं त्यामुळे तिथे काही अडत नाही, पण ग्रेडिंग, पॅकिंग आणि बोर्म्यावरची (काजूगर वाळवायच्या भट्टीवरची) माणसं रोजावर आहेत. त्यांचं असं असतं की महिन्यात युनिट किती दिवस चालू होतं ते आधी काढायचं, त्यातून ज्याचे त्याचे खाडे वजा करायचे आणि राहिलेल्या दिवसांचा रोज द्यायचा. म्हणजे तो पहिला आकडा चुकला की सगळ्यांचेच पैसे चुकतात.

आमची आठवड्याची सुट्टी बुधवारी, बाजाराचा दिवस म्हणून. शनिवार-रविवार युनिट चालू असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये १५ ऑगस्टची सुट्टी होती आणि मग गणपतीची २७ ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत, गौरी जाईपर्यंत सलग.

आता बघा काय झालंय. वहीत पूर्वीपासूनच्या पद्धतीने ऑगस्टचे २१ दिवस लिहिलेत. मी एक्सेलमध्ये नेटवर्कडेज (कामाचे दिवस मोजायचं फंक्शन) लावलं, सुट्ट्यांची यादी दिली, तर १७ आले. आणि पॅकिंगच्या बायका बोटांवर मोजून म्हणतायत की २२ दिवस कामाला आलो. त्या रोज येणाऱ्या, त्यांना कोण खोटं म्हणणार. मला नक्की आकडा हवाय आणि तो का बरोबर आहे ते चार माणसांत सांगता आलं पाहिजे, नुसतं कॉम्प्युटर म्हणतो म्हणून नको. कोणी नीट समजावेल का?

खाडीपलीकडे

ताई, बायकांचं बरोबर आहे. २२.

आधी १७ का आले ते सांगतो. नेटवर्कडेज हे फंक्शन शनिवार आणि रविवार सुट्टी धरूनच चालतं, त्याला तुम्ही विचारलं नाही तरी ते दोन दिवस काढून टाकतं. मुंबई-पुण्याच्या ऑफिसला किंवा आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांना ते चालून जातं, कारण २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारची कार्यालयं पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. तुमच्या युनिटला ते लागूच नाही. ऑगस्टमध्ये पाच शनिवार आणि पाच रविवार होते, ते गेले, राहिले २१, त्यातून १५, २७, २८ आणि २९ तारीख गेली, झाले १७. म्हणजे फंक्शनने त्याचं काम बरोबर केलं, फक्त ते दुसऱ्याच कुठल्या ऑफिसचं केलं.

तुम्हाला पाहिजे त्याचा भाऊ, नेटवर्कडेज.इंटल. एक्सेल २०१० पासून आहे, गुगल शीट्समध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्येही आहे. यात तिसऱ्या जागी आठवड्याची सुट्टी कुठली ते सांगता येतं. इथे मराठीत लिहितोय, शीटमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाका:

=नेटवर्कडेज.इंटल(बी२, सी२, १४, सुट्ट्या!$ए$२:$ए$३०)

बी२ मध्ये पहिली तारीख, सी२ मध्ये शेवटची, आणि सुट्ट्या नावाच्या शीटवर सुट्ट्यांच्या तारखा. १४ म्हणजे फक्त बुधवार. ११ ला फक्त रविवार, १२ सोमवार, १३ मंगळवार असं करत १७ ला शनिवार. १ ते ७ हे आकडे जोडसुट्ट्यांचे आहेत, १ म्हणजे शनिवार-रविवार, २ म्हणजे रविवार-सोमवार, तसं पुढे.

आकडे लक्षात राहत नसतील तर सात अक्षरांची पट्टीपण देता येते, "००१००००" अशी, अवतरणचिन्हांसकट. पहिलं अक्षर सोमवारचं, शेवटचं रविवारचं, जिथे १ तिथे सुट्टी. तिसऱ्या जागी १ आहे म्हणजे बुधवार. मला स्वतःला ही पट्टीच आवडते कारण सहा महिन्यांनी शीट उघडली तरी बघितल्या बघितल्या कळतं. एक सांभाळा, ही पट्टी जर वेगळ्या सेलमध्ये ठेवणार असाल तर आधी सेल टेक्स्ट करून घ्या, नाहीतर एक्सेल पुढची शून्यं खाऊन १०००० करून ठेवतं आणि फॉर्म्युल्यात नम, म्हणजे आकडा चुकल्याचा, एरर येतो.

आता २१ कुठून आले. वहीतला हिशोब असा झाला असणार: ३१ दिवस, वजा ४ बुधवार, वजा ६ सुट्ट्या, बरोबर २१. पण कॅलेंडर काढून २७ ऑगस्ट बघा. गणेश चतुर्थी बुधवारीच होती! तो दिवस बुधवार म्हणून एकदा वजा झाला आणि चतुर्थी म्हणून परत एकदा. एका दिवसाचा रोज प्रत्येकीच्या हिशोबातून असाच गेला. बुधवार सोडून ऑगस्टचे दिवस होतात २७, त्यातून १५, २८, २९, ३० आणि ३१ अशा पाचच सुट्ट्या जायला पाहिजेत, म्हणजे २२.

फंक्शनला सुट्ट्यांची यादी तारखांची द्यायची ती यासाठीच. ते प्रत्येक तारीख बघतं, ती आधीच साप्ताहिक सुट्टीत गेली असेल तर परत वजा करत नाही. नुसता "सुट्ट्या ६" असा आकडा वजा केलात तर त्याला बिचाऱ्याला कसं कळणार की त्यातली एक बुधवारची होती. म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगतो की रोजंदारीच्या हिशोबात सुट्ट्यांची संख्या लिहू नका, तारखा लिहा. एका दिवसाचा रोज म्हणजे ज्याचा त्याला माहीत.

दर्याकाठ_हर्णै

वरचं सगळं बरोबर, त्यात एक जोडतो. दोन तारखांची नुसती वजाबाकी आणि हे फंक्शन यात एका दिवसाचा फरक असतो आणि त्यावरून आमच्याकडे दर वर्षी वाद होतो. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. शीटमध्ये ३१ जुलैमधून १ जून वजा केलात तर ६० येतात, पण बंदी ६१ दिवसांची, कारण १ तारखेलाही बोट बंद आणि ३१ लाही बंद. नेटवर्कडेजवाली दोन्ही फंक्शनं पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरतात. तुमची बाई ४ तारखेला आली आणि ९ ला शेवटचं काम केलं तर ते सहा दिवस (मध्ये बुधवार आला तर पाच), त्यामुळे शेवटी प्लस १ वगैरे काही करत बसू नका. काही लोक वजाबाकीच्या सवयीने इथेही प्लस १ लावतात आणि मग मालकाचं नुकसान होतं, तेही बरं नाही.

काजूगर_कुडाळ

खूप खूप आभार दोघांचे. २७ तारखेचं वाचून लगेच कॅलेंडर काढलं, खरंच बुधवार. आता हे सगळ्यांसमोर दाखवता येईल.

पण नव्या शीटवर यादी परत टाइप करून फॉर्म्युला टाकला तर व्हॅल्यू एरर येतोय. यादी काढून टाकली की २७ येतात, म्हणजे घोळ यादीत आहे. यादीत आठ तारखा आहेत, १५/०८/२०२५, मग २७ पासून ३१ पर्यंत आणि ०१/०९/२०२५, ०२/०९/२०२५. सगळ्या सारख्याच टाइप केल्यात. दिसायला तरी ठीक दिसतायत.

खाडीपलीकडे

ताई, त्या तारखा सेलमध्ये डाव्या बाजूला चिकटल्यात की उजव्या?

काजूगर_कुडाळ

अरे हो. १५ आणि २७ ते ३१ डावीकडे आहेत, खालच्या दोन उजवीकडे. हे लक्षातच आलं नव्हतं. याने काय होतं?

खाडीपलीकडे

मग सापडलं. तुमच्या लॅपटॉपवर तारखेची पद्धत अमेरिकन आहे, आधी महिना मग दिवस. १५/०८ टाइप केलं की एक्सेल म्हणतं पंधरावा महिना कुठला, ही तारीख नाही, आणि ते साधं टेक्स्ट म्हणून ठेवतं, म्हणून डावीकडे. पण ०१/०९ ला ते खुशाल ९ जानेवारी समजतं आणि ०२/०९ ला ९ फेब्रुवारी. हे दुसरं जास्त घातक आहे, कारण डावीकडचं निदान एरर तरी देतं, हे मुकाट्याने चुकीचा हिशोब देतं. सप्टेंबरचे दिवस काढलेत तर १ आणि २ सप्टेंबरच्या सुट्ट्या वजा झाल्याच नसत्या आणि कुणाला कळलंही नसतं.

कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये =काउंट(सुट्ट्या!ए२:ए३०) टाकून बघा. हे फक्त खरे आकडे मोजतं आणि एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे आकडाच असतो. १ ऑगस्ट २०२५ म्हणजे ४५८७०, १ जानेवारी १९०० पासून मोजत आलेला. तुमच्याकडे आठ तारखा असून काउंट २ येईल बघा.

दुरुस्ती दोन वेगळ्या. डावीकडच्या सहा सिलेक्ट करून डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स घ्या, तिसऱ्या पायरीवर डेट निवडा आणि शेजारी डीएमवाय. कोणी १५.०८.२०२५ असे टिंब देऊन लिहिलेलं असेल तर त्यालाही हाच उपाय. उजवीकडच्या दोन उलटलेल्या आहेत त्या सरळ हाताने परत टाका. जास्त असत्या तर शेजारच्या कॉलममध्ये =डेट(इयर(ए८), डे(ए८), मंथ(ए८)) केलं असतं, दिवस आणि महिना जागा बदलतात.

आणि हे सगळं झाल्यावर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश इंडिया करा, म्हणजे पुढच्या वर्षी परत हे नको. गुगल शीट्स वापरत असाल तर फाइल, सेटिंग्ज, लोकेल, तिथे इंडिया. तारखा दिसायलाही १५-ऑगस्ट-२०२५ अशा अक्षरी महिन्याच्या ठेवा, मग उलटलेली तारीख लपून राहत नाही.

पतपेढी_चिपळूण

या धाग्यावरच विचारतो, विषय तोच आहे. आमच्या पतसंस्थेला बँकांसारखीच दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, आणि सगळे रविवार. बाकीचे शनिवार चालू. इंटलमध्ये असा काही कोड दिसत नाही, शनिवार धरला तर सगळे जातात, नाही धरला तर सगळे राहतात. पिग्मी (रोजची बचत) गोळा करणाऱ्या एजंटांचे दिवस काढायचे असतात म्हणून लागतं.

खाडीपलीकडे

बरोबर आहे दादा, कोड नाहीच. बँकांची ही दुसऱ्या-चौथ्या शनिवारची पद्धत १ सप्टेंबर २०१५ पासूनची, आणि फंक्शनला आठवड्याचा वार कळतो, महिन्यातला कितवा ते कळत नाही. लोक यासाठी भलेमोठे समप्रॉडक्टचे फॉर्म्युले लिहितात, चालतात ते, पण दुसऱ्या शनिवारीच एखादा सण आला की परत तोच दोनदा वजा होण्याचा प्रकार. त्यापेक्षा ११ कोड द्या, म्हणजे फक्त रविवार, आणि दुसरे-चौथे शनिवार सरळ सुट्ट्यांच्या यादीत घाला.

ते हाताने टाकायची गरज नाही. एका कॉलममध्ये प्रत्येक महिन्याची १ तारीख टाका, एडेट (तारीख महिन्याने पुढे नेणारं फंक्शन) वापरून खाली ओढली की वर्षाच्या बारा होतात. समजा ती डी२ मध्ये आहे, तर

दुसरा शनिवार: =डी२+१४-वीकडे(डी२)
चौथा शनिवार: =डी२+२८-वीकडे(डी२)

वीकडे रविवारला १ आणि शनिवारला ७ देतं. ऑगस्ट २०२५ ची १ तारीख शुक्रवारी, म्हणजे वीकडे ६, १४ वजा ६ आठ, १ तारखेत आठ मिळवले की ९ ऑगस्ट, दुसरा शनिवार. चौथा २३ ऑगस्ट. सप्टेंबरला १३ आणि २७. पंचांगाशी ताडून बघा, कुठल्याही महिन्याला चुकत नाही, १ तारीख शनिवारीच आली तरी ८ तारीख बरोबर येते.

पतपेढी_चिपळूण

झालं! वर्षभराचे २४ शनिवार पाच मिनिटांत तयार. इतके दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून मोजत होतो सगळे. मनापासून धन्यवाद.

गाबतान_मालवण

माझो लॅपटॉप जुनो आसा, एक्सेल २००७. ह्यां इंटलवालां फंक्शन टाकलंय तर नेम असो एरर येता. आमचां हॉटेल, सुट्टी सोमवारी, सोमवारी मासे कोण खाणा नाय म्हणान. पोरांचे दिवस मोजूचे आसत. नवीन घेवचो इचार नाय सध्या. काय उपाय आसा काय?

खाडीपलीकडे

आसा तर! २००७ मध्ये इंटल नाहीच, त्यामुळे नेम एरर येणारच, त्यात तुमचं काही चुकत नाही. पण सोमवार मोजायला फंक्शन लागतच नाही, साधा भागाकार पुरतो. बी२ पासून सी२ पर्यंत सोमवार किती:

=इंट((सी२-२)/७)-इंट((बी२-१-२)/७)

इंट म्हणजे भागाकारातला फक्त पूर्ण आकडा ठेवायचा. हे का चालतं ते सांगतो म्हणजे वार बदलला तरी तुम्हीच करू शकाल. वर म्हटलं तसं तारीख म्हणजे आकडा. त्या आकड्याला ७ ने भागलं की बाकी वाराप्रमाणे उरते, रविवारला १, सोमवारला २, मंगळवारला ३, असं शुक्रवारला ६ आणि शनिवारला ०. १ ऑगस्टचे ४५८७० घ्या, ७ ने भागले की बाकी ६, शुक्रवार. तर सोमवारसाठी वरच्या फॉर्म्युल्यात २ दोन्ही ठिकाणी, बुधवार पाहिजे तर ४, शनिवारला ७ टाकलं तरी चालतं. ऑगस्टसाठी करून बघा, ६५५६ वजा ६५५२, चार सोमवार, ४, ११, १८ आणि २५. बरोबर.

मग कामाचे दिवस:

=सी२-बी२+१-(वरचा सोमवारांचा आकडा)-समप्रॉडक्ट((यादी>=बी२)*(यादी<=सी२)*(वीकडे(यादी)<>२))

इथे वजाबाकी आपण हाताने करतोय म्हणून हर्णैवाल्या दादांनी सांगितलेला प्लस १ लागतो. आणि तो शेवटचा वीकडेचा तुकडा गाळू नका, सोमवारी आलेली सुट्टी दोनदा वजा होऊ नये म्हणून तो आहे. गौरीपूजन १ सप्टेंबरला सोमवारीच होतं, तिथे तुम्हाला लागलंच असतं. यादी म्हणजे तुमच्या सुट्ट्यांची रेंज, एकच तारीख दोनदा लिहू नका, हा फॉर्म्युला ती दोनदा मोजतो.

(जाता जाता, एक्सेल १९०० साल लीप वर्ष धरतं, २९ फेब्रुवारी १९०० अशी कधी न झालेली तारीख त्यात आहे. लोटस १-२-३ च्या फायली चालाव्यात म्हणून तो प्रकार तसाच घेतला गेला. मार्च १९०० नंतरच्या तारखांना त्याचा काही त्रास नाही, त्यामुळे हा भागाकार बिनधास्त वापरा. गुगल शीट्सलाही हाच चालतो.)

गाबतान_मालवण

बरोबर इला! चार सोमवार. ह्यां बाकीचां समजावन सांगितलास तां लय बरां केलास.

काजूगर_कुडाळ

तारखा दुरुस्त केल्या, काउंट आधी खरंच २ येत होतं, आता ८ येतंय आणि ऑगस्टचे २२ आले. बायकांना शीट दाखवली, एकेक तारीख वाचून.

आता शेवटचं. सगळीच पूर्ण महिना नसतात. एक मुलगी १२ ऑगस्टला कामाला लागली, एक बाई गणपतीआधी सोडून गेली, आणि जी चालू आहेत त्यांचा शेवटच्या तारखेचा सेल रिकामा आहे. त्या रिकाम्यांना फॉर्म्युला प्रचंड मोठा मायनस आकडा देतोय.

दर्याकाठ_हर्णै

रिकामा सेल म्हणजे त्याच्या दृष्टीने शून्य तारीख, १९०० च्याही आधीची, म्हणून तो उलटा मोजत मागे जातो. पहिली तारीख शेवटच्या तारखेनंतरची असली की ही फंक्शनं मायनसमध्येच उत्तर देतात.

मी खलाश्यांसाठी असं करतो. महिन्याची पहिली तारीख एफ१ मध्ये आणि शेवटची एफ२ मध्ये. एफ२ ला =इओमंथ(एफ१,०) दिलं की ३० का ३१ का २८ ते बघावंच लागत नाही. मग प्रत्येकाच्या ओळीत:

=मॅक्स(०, नेटवर्कडेज.इंटल(मॅक्स(बी२,$एफ$१), मिन(इफ(सी२="",$एफ$२,सी२),$एफ$२), १४, सुट्ट्या!$ए$२:$ए$३०))

लांबलचक दिसतो पण सरळ आहे. माणूस महिन्याच्या आधीपासून असेल तर महिन्याची पहिली तारीख धर, मध्ये आला असेल तर त्याची तारीख धर. शेवटाला तसंच. सोडल्याची तारीख नसेल तर महिनाअखेर. आणि जो जुलैतच सोडून गेला त्याचा हिशोब मायनस यायच्या ऐवजी शून्य यावा म्हणून बाहेरचा मॅक्स. तुमच्या १२ तारखेच्या मुलीचे १२ दिवस यायला पाहिजेत: १२ ते ३१ म्हणजे २० दिवस, त्यात बुधवार १३, २० आणि २७, आणि सुट्ट्या १५ आणि २८ ते ३१.

आणि ते डॉलर विसरू नका, मी मुद्दाम सांगतोय. डॉलर नसेल तर फॉर्म्युला खाली ओढताना यादी एकेक ओळ खाली सरकते. पहिल्या माणसाला ए२ ते ए३०, दुसऱ्याला ए३ ते ए३१, म्हणजे दुसऱ्याच्या हिशोबातून यादीतली पहिली सुट्टी गळाली, तिसऱ्याच्या दोन गळाल्या, आणि एरर वगैरे काही येत नाही. वरच्याचे दिवस कमी आणि खालच्यांचे वाढत गेलेत असं दिसलं की आधी तेच बघायचं. नाहीतर यादीला सरळ सुट्ट्या असं नाव देऊन टाका, डॉलरची भानगडच नको.

काजूगर_कुडाळ

१२ च आले दादा. आणि सोडून गेलेल्या बाईचेही तिने सांगितले तेवढेच.

हापूस_देवगड

मीपण हे वाचत होते, एक विचारू? ऑर्डर घेतल्यावर "दहा कामाच्या दिवसांत माल पाठवू" असं लिहून देतो आम्ही, ती तारीख काढायला हेच वापरायचं का? आमची सुट्टीपण बुधवारी आणि गणपतीची तशीच.

खाडीपलीकडे

त्याला वर्कडे.इंटल, ताई. =वर्कडे.इंटल(ऑर्डरची तारीख, १०, १४, सुट्ट्या). कोड तेच, यादी तीच. फक्त हे फंक्शन ऑर्डरचा दिवस धरत नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजतं, तेवढं लक्षात ठेवा. २५ ऑगस्टला ऑर्डर घेतलीत असं समजा. २६ हा पहिला दिवस, मग २७ ते २ सुट्टी, ३ ला बुधवार, ४ सप्टेंबरला दुसरा दिवस, १० ला परत बुधवार, असं करत दहावा दिवस १३ सप्टेंबरला पडतो. गिऱ्हाइकाला दहा दिवस म्हटलं की तो ४-५ सप्टेंबरची वाट बघणार, म्हणून ऑर्डरच्या कागदावर दिवसांपेक्षा ही तारीखच लिहा, बोलणी खायला नकोत. उत्तर ४५९१३ असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, सेलला तारखेचा फॉरमॅट द्या.

काजूगर_कुडाळ

ऑक्टोबर २०२५ ची यादी आत्ताच भरून ठेवली. त्यात एक गोष्ट दिसली ती इथे टाकते, कोणाला उपयोगी पडेल. २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आहेत, वहीत त्या दोन ओळी होत्या, यादीत मी एकच तारीख ठेवली. चावदिस (नरक चतुर्दशी) २० ला सोमवारी, लक्ष्मीपूजन २१ ला, भाऊबीज २३ ला, आणि पाडवा २२ ला, तो परत बुधवारीच. बुधवार ऑक्टोबरमध्ये पाच आहेत. वहीच्या पद्धतीने ३१ मधून ५ बुधवार आणि ६ सुट्ट्या गेल्या की २० होतात, शीटमध्ये २२. दोन दिवसांचा फरक, आणि तोही ऐन दिवाळीच्या पगारात. बावीसच धरायचं असं आज ठरलं, वहीतही तसंच लिहिलंय.

दर्याकाठ_हर्णै

हे वाचून फार बरं वाटलं ताई. पुढच्या वर्षीची चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६, सोमवार आहे, तीपण आत्ताच यादीत टाकून ठेवा.